सर्व्हिस चालू, पण स्टेटस 'ॲक्टिव्हेटिंग'वरच: बूट आणि शटडाउनमध्ये अडकणाऱ्या सर्व्हिसचा शोध कसा घ्यायचा

लक्षण ओळखीचं आहे. मशीन रीबूट झालं, सर्व्हिस वर आली, पोर्टवर उत्तरंही देतेय, पण सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा मॅनेजर) 'सिस्टमसीटीएल स्टेटस' ही आज्ञा मात्र 'ॲक्टिव्हेटिंग (स्टार्ट)' दाखवते. दीड मिनिट झालं की ती चांगली चालती सर्व्हिस मारली जाते आणि लॉगमध्ये उरते एकच ओळ: 'स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट. टर्मिनेटिंग.' याचं जुळं भावंड शटडाउनच्या वेळी भेटतं. पडद्यावर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर' अशी ओळ येते आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांचं घड्याळ पळत राहतं.

यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे टाइमआउट ९० चा ३०० करणं. डेटाबेससारख्या दोन-चार ठिकाणी तो बरोबर आहे, त्याबद्दल पुढे. बाकी ठिकाणी त्याने एवढंच होतं की जी सर्व्हिस दीड मिनिटाने मरायची ती पाच मिनिटांनी मरते.

(खाली आज्ञा आणि फाइलमधल्या ओळी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा.)

मॅनेजर कोणत्या खुणेवर विसंबून आहे?

सिस्टमडी तुमच्या प्रोग्रामच्या पोटात शिरून बघत नाही. कोणती खूण दिसली की सर्व्हिस सुरू झाली असं धरायचं, ते युनिट फाइलमधल्या (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) 'टाइप=' या ओळीत तुम्हीच त्याला सांगितलेलं असतं. 'सिंपल' असेल तर नवी प्रोसेस फोर्क झाली (मूळ प्रोसेसमधून वेगळी निघाली) की काम झालं. बायनरी जागेवर नसली तरी 'स्टार्ट' यशस्वीच दिसतो. आवृत्ती २४० पासून आलेला 'एक्झेक' निदान बायनरी खरोखर चालू होईपर्यंत थांबतो. 'फोर्किंग'मध्ये मूळ प्रोसेस बाहेर पडायला हवी, आणि पीआयडी फाइल (प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवलेली फाइल) सांगितली असेल तर तीही दिसायला हवी. 'नोटिफाय'मध्ये प्रोग्रामने स्वतःहून 'रेडी=१' असा निरोप पाठवायचा असतो. 'वनशॉट'मध्ये आज्ञा पूर्ण होऊन संपायला हवी, आणि तिथे सुरुवातीचा टाइमआउट मुळात लागूच नसतो.

प्रोग्राम वागतो एका तऱ्हेने आणि युनिट फाइल वाट बघते दुसऱ्याच खुणेची. अडकलेल्या सर्व्हिसच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या विसंगतीत असतं. म्हणून रंगीत 'स्टेटस' बाजूला ठेवा आणि सर्व्हिस अडकलेली असतानाच, म्हणजे ९० सेकंद संपायच्या आत, हे चालवा:

सिस्टमसीटीएल शो -पी टाइप,ॲक्टिव्हस्टेट,सबस्टेट,मेनपीआयडी,कंट्रोलपीआयडी,रिझल्ट,एनरीस्टार्ट्स मायॲप

उत्तर साधारण असं येतं:

टाइप=फोर्किंग
ॲक्टिव्हस्टेट=ॲक्टिव्हेटिंग
सबस्टेट=स्टार्ट
मेनपीआयडी=०
कंट्रोलपीआयडी=२२०४
रिझल्ट=सक्सेस
एनरीस्टार्ट्स=११

इथे नजर 'कंट्रोलपीआयडी'वर हवी. 'फोर्किंग'मध्ये 'एक्झेकस्टार्ट'ने सुरू केलेली प्रोसेस ही कंट्रोल प्रोसेस मानली जाते. तो आकडा शून्य नसेल तर मूळ प्रोसेस अजून बाहेर पडलेलीच नाही, म्हणजे प्रोग्राम फोरग्राउंडला चाललाय आणि युनिट मात्र तो मागे जायची वाट बघतंय. आकडा शून्य असेल तर मूळ प्रोसेस निघून गेली आणि आता वाट आहे ती पीआयडी फाइलची. लक्षण एकच, पण आजार दोन आणि त्यांची औषधंही वेगळी.

पहिल्या आजारावर 'टाइप=एक्झेक' करा, 'पीआयडीफाइल=' ची ओळ काढून टाका, 'डेमन-रीलोड' करा, झालं. याच्या उलटही होतं: प्रोग्राम स्वतःहून मागे जातो आणि युनिटमध्ये लिहिलेलं असतं 'सिंपल'. मग मूळ प्रोसेस शून्य कोडने बाहेर पडते, सिस्टमडीच्या लेखी काम संपलेलं असतं, आणि मागे उरलेल्या प्रोसेस तो शिस्तीत झाडून टाकतो. सर्व्हिस क्षणभर दिसते आणि मग 'इनॲक्टिव्ह (डेड)', रिझल्ट 'सक्सेस', लॉगमध्ये एकही तक्रार नाही. अशा प्रोग्रामला फोरग्राउंडला राहायला सांगणं बरं: एनजिनएक्सला 'डेमन ऑफ', रेडिसला 'डेमनाइझ नो', एसएसएचडीला मोठ्या डीचा पर्याय.

पीआयडी फाइलची दुखणी

कंट्रोलपीआयडी शून्य निघाला तर जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) 'कान्ट ओपन पीआयडी फाइल ... (येट?) आफ्टर स्टार्ट' ही ओळ शोधा. कंसातला तो 'येट?' सिस्टमडीचा स्वतःचा आहे. फाइल उशिरा येईल अशी आशा तो धरून बसतो.

फाइल न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे '/रन' हे रॅममधलं टीएमपीएफएस असतं आणि प्रत्येक बूटला कोरं होतं. कुणीतरी कधीतरी '/रन/मायॲप' ही डिरेक्टरी हाताने बनवली, मालकी बदलली, सर्व्हिस चालली, सगळे खूश. पुढच्या रीबूटला डिरेक्टरी गायब, प्रोग्रामला फाइल लिहायला जागा नाही. 'हाताने चालते, रीबूटनंतर नाही' या तक्रारीत आधी हेच तपासा.

इलाज युनिटमध्येच आहे: 'रनटाइमडिरेक्टरी=मायॲप'. सुरू होताना सिस्टमडी ती डिरेक्टरी 'यूजर=' मध्ये दिलेल्या नावाच्या मालकीने बनवतो आणि थांबताना काढून टाकतो. त्या काढून टाकण्यातही एक खोच आहे. दोन युनिटांनी एकाच नावाची रनटाइम डिरेक्टरी वापरली तर पहिलं युनिट थांबताना दुसऱ्याची पीआयडी फाइल आणि सॉकेटसुद्धा घेऊन जातं. तिथे प्रत्येकाला वेगळं नाव द्या, नाहीतर 'रनटाइमडिरेक्टरीप्रिझर्व्ह=येस' लावा.

'/व्हार/रन' हा जुना मार्ग वापरलाय अशी सूचना जर्नलमध्ये दिसली तर घाबरू नका. सिस्टमडी तो '/रन' असा सुधारून घेतो. युनिट फाइल दुरुस्त करा म्हणजे ती कटकट थांबेल, पण सर्व्हिस अडकण्याचं कारण ते नव्हे.

पीआयडी फाइल '/व्हार/लिब' सारख्या टिकाऊ डिस्कवर असेल तर प्रकरण जास्त वाईट. वीज गेली, फाइल मागे राहिली, तिच्यात लिहिलंय ८१२. पुढच्या बूटला ८१२ हा आकडा भलत्याच प्रोसेसला मिळतो. बूटच्या वेळी सर्व्हिस बहुतेक त्याच क्रमाने सुरू होतात, त्यामुळे आकडे जवळपासच पडतात आणि हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नाही. प्रोग्राम फाइल वाचतो, त्या आकड्याची प्रोसेस जिवंत आहे असं बघतो आणि 'मी आधीच चालू आहे' म्हणून परत फिरतो. जुन्या स्टॉप स्क्रिप्टने तीच फाइल वाचून 'किल' केलं तर निष्पाप प्रोसेस जाते. कंटेनरमध्ये हे नेहमीचंच, कारण तिथे प्रत्येक वेळी आकडे १ पासूनच सुरू होतात. व्हॉल्यूमवर राहिलेली पीआयडी फाइल आणि नवी प्रोसेस यांचा आकडा हमखास जुळतो. सुरू होण्याआधी ती फाइल पुसायची ओळ कंटेनरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र या नियमात बसत नाही. त्याच्या डेटा डिरेक्टरीतली 'पोस्टमास्टर.पीआयडी' ही नुसती नोंद नसून एका डेटावर दोन सर्व्हर चालू नयेत म्हणून घातलेलं कुलूप आहे. जुना सर्व्हर जिवंत असताना ती पुसून दुसरा चढवला तर डेटा खराब होतो. आधी त्या डेटा डिरेक्टरीवर एकही पोस्टग्रेस प्रोसेस उरलेली नाही याची खात्री करा, मगच हात लावा.

नोटिफाय: निरोप निघाला, पण पोचला नाही

'टाइप=नोटिफाय'ची सर्व्हिस अडकली असेल तर जर्नलमध्ये हे शोधा: 'गॉट नोटिफिकेशन मेसेज फ्रॉम पीआयडी २२१०, बट रिसेप्शन ओन्ली परमिटेड फॉर मेन पीआयडी २२०४'. म्हणजे प्रोग्राम 'रेडी=१' म्हणाला, पण तो बोलण्याचा अधिकार त्याला नव्हता. २२०४ ही रॅपर शेल स्क्रिप्ट आणि २२१० तिने सुरू केलेला खरा प्रोग्राम. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या नावाआधी 'एक्झेक' हा एक शब्द घाला. शेलची जागा प्रोग्राम घेतो, आकडा तोच राहतो आणि निरोप मान्य होतो. ते शक्यच नसेल तर 'नोटिफायॲक्सेस=ऑल', पण तो दुसरा पर्याय, पहिला नव्हे.

निरोप मुळात निघालाच नाही असंही असू शकतं. 'एक्झेकस्टार्ट'मध्ये 'सुडो' वापरलं असेल तर ते एन्व्हायर्नमेंट पुसतं आणि त्यात 'नोटिफाय_सॉकेट' हा व्हेरिएबलही जातो. कुठे बोलायचं हेच प्रोग्रामला कळत नाही. युनिटमध्ये 'यूजर=' असताना 'सुडो'ची गरजच काय? सोर्सवरून बांधलेल्या पोस्टग्रेसमध्येही हेच दिसतं. बांधताना 'विथ-सिस्टमडी' हा पर्याय दिला नसेल तर त्याला निरोप पाठवताच येत नाही, आणि 'नोटिफाय' युनिट शेवटपर्यंत ताटकळतं.

न संपणारी फेरी

वरच्या नमुन्यात 'एनरीस्टार्ट्स=११' होतं. सारखी पडणारी सर्व्हिस थांबवण्यासाठी सिस्टमडीत एक अडसर आहे: १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की पुढे सुरू करायचं नाही. पण प्रत्येक प्रयत्न ९० सेकंद चालून मरत असेल तर १० सेकंदांत ५ प्रयत्न होणार कधी? कधीच नाही. 'रीस्टार्ट=' लावलेली सर्व्हिस मग रात्रभर उठते, दीड मिनिट जगते, मरते, आणि 'सिस्टमसीटीएल --फेल्ड'च्या यादीत नावसुद्धा येत नाही, कारण बहुतांश वेळ ती 'ॲक्टिव्हेटिंग'च असते. मॉनिटरिंग फक्त 'फेल्ड' बघत असेल तर त्याच्या लेखी सगळं आलबेल.

अशा सर्व्हिसला खिडकी मोठी द्या: 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=१५मिन' आणि 'स्टार्टलिमिटबर्स्ट=३'. या दोन ओळी नव्या आवृत्त्यांत 'युनिट' विभागात जातात, 'सर्व्हिस' विभागात नाही. दोष दुरुस्त केल्यावरही ती सुरू व्हायला नकार देत असेल आणि रिझल्ट 'स्टार्ट-लिमिट-हिट' दिसत असेल तर 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' करून खातं कोरं करा.

'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' आणि इतर गोड गैरसमज

हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका. 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' याचा अर्थ आज्ञा चालून संपली, आत्ता काहीही चालू नाही. फायरवॉलचे नियम भरणाऱ्या सर्व्हिसला ते शोभतं, डेमनला (सतत मागे चालणाऱ्या प्रोग्रामला) नाही. हे हमखास दिसतं ते '/ईटीसी/इनिट.डी' मधल्या जुन्या स्क्रिप्टवरून सिस्टमडीने आपोआप बनवलेल्या युनिटमध्ये. ते युनिट 'फोर्किंग' असतं, त्यात 'रिमेनआफ्टरएक्झिट=येस' आणि 'गेसमेनपीआयडी=नो' असतं. डेमन मेला तरी ते 'ॲक्टिव्ह'च राहतं, आणि तुम्ही 'स्टार्ट' दिलंत तर काहीच होत नाही, कारण त्याच्या लेखी ते सुरूच आहे. 'रीस्टार्ट'ने तात्पुरतं भागतं. कायमचा उपाय म्हणजे दहा ओळींचं स्वतंत्र युनिट लिहिणं. त्यापेक्षा जास्त वेळ त्या जुन्या स्क्रिप्टशी झटापट करण्यात जातो.

याउलट प्रोसेस चालू आणि स्टेटस 'इनॲक्टिव्ह' असेल, नि 'स्टार्ट' दिल्यावर 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' येत असेल, तर कुणीतरी बायनरी टर्मिनलवरून हाताने चालवली आहे. ती त्या माणसाच्या लॉगिन सेशनच्या सीग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटात) आहे, सर्व्हिसच्या नाही. 'सिस्टमसीटीएल स्टेटस'ला युनिटच्या नावाऐवजी थेट पीआयडीचा आकडा द्या, ती कुणाच्या घरची हे लगेच कळतं.

डेटाबेस 'ॲक्टिव्ह' दिसल्यावरही ॲप 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणत असेल तर डेटाबेसच्या युनिटचा टाइप बघा, बहुधा 'सिंपल' निघेल. 'आफ्टर=' म्हणजे समोरचं युनिट 'ॲक्टिव्ह' होईपर्यंत थांबणं, आणि 'सिंपल'मध्ये तो क्षण पोर्ट उघडण्याच्या खूप आधी येतो. प्रोग्रामला 'नोटिफाय' जमत नसेल तर 'एक्झेकस्टार्टपोस्ट='मध्ये पोर्ट तपासणारा छोटा लूप ठेवा. तो संपेपर्यंत युनिट 'ॲक्टिव्ह' धरलं जात नाही आणि मागची युनिटं थांबून राहतात. 'स्लीप ३०' मात्र नको. वेगवान मशीनवर ते ३० सेकंद वाया जातात आणि संथ मशीनवर पुरत नाहीत.

शटडाउनचं घड्याळ

थांबवताना क्रम असा असतो: 'एक्झेकस्टॉप' असेल तर ते, मग सिगटर्म (आवरतं घे असं सांगणारा सिग्नल), मग 'टाइमआउटस्टॉपसेक' इतकी वाट (मूळ ९० सेकंद, फेडोराने ३८ पासून ४५ केले), आणि शेवटी सिगकिल (सक्तीने मारणारा सिग्नल). आधीच्या बूटचा जर्नल बघायचा तर 'जर्नलसीटीएल -बी -१ -यू मायॲप'. त्यासाठी '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी असावी लागते, नाहीतर लॉग रॅममध्ये राहून रीबूटबरोबर जातो. 'स्टेट 'स्टॉप-सिगटर्म' टाइम्ड आउट. किलिंग.' ही ओळ सापडली की तिच्या खालीच 'किलिंग प्रोसेस' म्हणून आकडा आणि नाव असतं. आरोपी तो. ओळ 'यूजर मॅनेजर फॉर यूआयडी १०००' अशी आणि घड्याळ २ मिनिटांचं असेल तर दोष सिस्टम सर्व्हिसचा नाही, लॉगिन केलेल्या माणसाच्या सेशनमधलं काहीतरी अडलंय.

जर्नलमध्ये काही मिळत नसेल तर प्रसंग घडताना बघा. 'डीबग-शेल' ही सर्व्हिस एनेबल करून रीबूट करा. शटडाउन अडकलं की कंट्रोल-आल्ट-एफ९ दाबा, रूटचा शेल उघडतो. तिथे 'सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स' चालवा. 'रनिंग' लिहिलेला जॉब अडलेला आहे, 'वेटिंग' लिहिलेले त्याच्यामागे रांगेत आहेत.

अडण्याची दोन-तीन कारणं वारंवार दिसतात. एक म्हणजे क्रम. बंद होण्याचा क्रम सुरू होण्याच्या नेमका उलट असतो, त्यामुळे ज्या सर्व्हिसने 'आफ्टर=' लिहिलंच नाही तिच्या पायाखालचं नेटवर्क किंवा एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) आधी काढून घेतलं जाऊ शकतं. मग प्रोसेस डिस्कच्या उत्तराची वाट बघत 'डी' अवस्थेत जाते, आणि अशा प्रोसेसवर सिगकिलही लागू पडेलच असं नाही. डेटा माउंटवर असेल तर 'रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा' लिहा, क्रम आपोआप लागतो. नेटवर्कसाठी 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट'. लोक हे सुरू होण्यासाठी लिहितात, पण त्याचा खरा उपयोग बंद होताना आहे: नेटवर्क जायच्या आधी तुमची सर्व्हिस थांबते. सुरू होताना नेटवर्क खरंच हवं असेल तर त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' वेगळं आहे.

दुसरं कारण 'एक्झेकस्टॉप'. ती आज्ञा परत आली की सिस्टमडी उरलेल्या प्रोसेसना ताबडतोब सिगटर्म पाठवतो. तिथे नुसतं 'किल -क्विट' लिहिलं तर ते क्षणात परत येतं आणि पाठोपाठ सिगटर्म पोचतो. एनजिनएक्समध्ये सिगक्विट म्हणजे चालू विनंत्या संपवून थांबणं आणि सिगटर्म म्हणजे लगेच तोडणं, तेव्हा तुमची सगळी सभ्यता फुकट. 'एक्झेकस्टॉप' काढा आणि 'किलसिग्नल=सिगक्विट' लिहा.

पोस्टग्रेसची गोष्ट जरा तपशिलाने, कारण तिथे शटडाउनची चूक पुढच्या बूटला उगवते. त्याला सिगटर्म म्हणजे 'स्मार्ट' शटडाउन: सगळे क्लायंट स्वतःहून जाईपर्यंत थांब. सिगइंट म्हणजे 'फास्ट': क्लायंट तोड आणि नीट बंद हो. आता कुणी युनिटमध्ये 'किलमोड=मिक्स्ड' लिहिलं, पण 'किलसिग्नल=सिगइंट' विसरला. मिक्स्डमध्ये पहिला सिग्नल फक्त मुख्य प्रोसेसला जातो. ती 'रिसीव्ह्ड स्मार्ट शटडाउन रिक्वेस्ट' लिहून वाट बघत बसते. ॲपचा कनेक्शन पूल काही सोडत नाही. ९० सेकंदांनी सगळ्यांना सिगकिल. पुढच्या बूटला डेटाबेस म्हणतो 'वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन. ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस'. रिकव्हरीला ९० सेकंदांहून जास्त लागले की सिस्टमडी तिलाही मधेच मारतो, आणि मग पुन्हा रिकव्हरी. लोक बूटमधला दोष शोधत बसतात, आणि तो असतो आदल्या शटडाउनमध्ये. पोस्टग्रेसच्या अधिकृत नमुना युनिटमध्ये 'किलमोड=मिक्स्ड', 'किलसिग्नल=सिगइंट' आणि 'टाइमआउटसेक=इन्फिनिटी' या तिन्ही ओळी एकत्र आहेत, त्या तशाच ठेवा. टाइमआउट वाढवणं बरोबर आहे अशी जागा ती हीच. मारियाडीबी दुसरा मार्ग घेतो: रिकव्हरी चालू असताना 'एक्स्टेंड_टाइमआउट_युसेक' हा निरोप पाठवून तो मुदत वाढवून घेत राहतो.

या कारणासाठी 'डिफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक=५से' हा इंटरनेटवर फिरणारा नुस्खा सर्व्हरवर लावू नका. लॅपटॉपवर ठीक आहे. सर्व्हरवर तुम्ही प्रत्येक डेटाबेसला पाच सेकंदांत आवरायला सांगताय.

सिस्टमडी नसेल तिथे

रेड हॅटच्या जुन्या इनिट पद्धतीत (सेंटओएस ६ अजून कुठे कुठे चालू आहे, मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली तरी) एक खास सापळा आहे. शटडाउनच्या वेळी 'के'ने सुरू होणारी स्क्रिप्ट चालवायची का, हे '/व्हार/लॉक/सबसिस' मध्ये त्या नावाची फाइल आहे का यावर ठरतं. तुमच्या स्क्रिप्टने 'स्टार्ट'मध्ये ती फाइल 'टच' केली नाही, किंवा फाइलचं नाव स्क्रिप्टच्या नावाशी जुळलं नाही, तर 'स्टॉप' कधीच चालत नाही. हाताने 'स्टॉप' दिलं की सगळं व्यवस्थित, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. प्रोसेस शेवटच्या सरसकट सफाईत मरते. उलट, डेमन मेला आणि फाइल राहिली तर 'स्टेटस' म्हणतं 'डेड बट सबसिस लॉक्ड', एक्झिट कोड २. पीआयडी फाइल राहिली असेल तर कोड १, खरोखर बंद असेल तर ३. मॉनिटरिंगमध्ये शब्द नव्हे, हे आकडे तपासा.

फ्रीबीएसडीत त्या सापळ्याचं रूप वेगळं. आरसी स्क्रिप्टच्या डोक्यावर 'कीवर्ड: शटडाउन' ही टिप्पणी नसेल तर बंद होताना ती स्क्रिप्ट वगळली जाते. ती टिप्पणी शोभेची नाही, 'आरसीऑर्डर' ती वाचतं. सर्व्हिस पायथनची असेल आणि चालू असूनही 'इज नॉट रनिंग' म्हणत असेल तर 'कमांड_इंटरप्रिटर' हा व्हेरिएबल भरलेला नाही. स्टेटस तपासताना पीआयडीबरोबर प्रोसेसचं नावही जुळवलं जातं, आणि तिथे नाव स्क्रिप्टचं नसून पायथनचं दिसतं. 'डेमन' या साधनाला '-आर' देऊन, म्हणजे पडल्यास पुन्हा उठव असं सांगून, पीआयडी फाइल लहान '-पी'ने लिहिली तर 'स्टॉप' मुलाला मारतं आणि पालक त्याला पुन्हा उठवतो. तिथे मोठा '-पी' हवा, तो पालकाचा आकडा लिहितो.

ओपनआरसीत (अल्पाइन, जेंटू) अवस्था '/रन/ओपनआरसी' खाली 'स्टार्टेड', 'स्टार्टिंग', 'इनॲक्टिव्ह' अशा डिरेक्टरींमध्ये ठेवलेली असते. 'क्रॅश्ड' दिसत असेल आणि खरोखर काही चालू नसेल तर 'आरसी-सर्व्हिस मायॲप झॅप' ती नोंद पुसतं. पण झॅप प्रोसेसला हात लावत नाही, फक्त नोंद बदलतं. प्रोसेस जिवंत असताना झॅप करून 'स्टार्ट' दिलंत तर दोन प्रती चालू होतील. सोलारिसच्या एसएमएफ या सर्व्हिस मॅनेजरमध्ये 'मेंटेनन्स'मध्ये गेलेल्या सर्व्हिसचं कारण 'एसव्हीसीएस -एक्सव्ही' थेट लॉग फाइलच्या मार्गासकट सांगतं. कारण दूर केल्यावर 'एसव्हीसीएडीएम क्लिअर'.

दुरुस्ती तपासताना

'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट' यशस्वी झालं म्हणून तिकीट बंद करू नका. '/रन' कोरं होत नाही, नेटवर्क जात नाही, माउंट सुटत नाही, म्हणजे वरचे अर्धे दोष त्यात दिसणारच नाहीत. सर्व्हिसवर थोडा भार ठेवून खरं रीबूट करा, एकदा नाही, दोनदा. पहिल्या रीबूटला बंद होते ती जुन्या पद्धतीने सुरू झालेली प्रत. नव्या युनिटखाली सुरू झालेली प्रत कशी बंद होते ते दुसऱ्यालाच कळतं. त्यानंतर 'जर्नलसीटीएल -बी -१' मध्ये त्या युनिटसाठी सिगकिल नाही, 'एनरीस्टार्ट्स' शून्य आहे आणि 'इज-सिस्टम-रनिंग'चं उत्तर 'रनिंग' आहे ('डिग्रेडेड' नाही) एवढं बघा. आणि 'डीबग-शेल' डिसेबल करा. तो नवव्या टर्मिनलवर पासवर्ड न विचारता रूट देतो.